नाशिक पहिल्यांदाच बघतोय, काय बघायचं आणि कुठं खायचं? (आईबाबा बरोबर आहेत)

कोयनाकाठ:
नमस्कार मंडळी, जानेवारीच्या शेवटी आम्ही सगळे नाशिकला येतोय, कराडहून आमच्याच गाडीने. मी, नवरा, आठवीतली लेक आणि माझे आईबाबा. आमच्यातल्या कुणीच नाशिक पाहिलेलं नाही, दरवेळी शिर्डी करून मागं फिरतो. आईला त्र्यंबकेश्वर आणि काळाराम करायचंच आहे, त्यात तडजोड नाही. बाबांचे गुडघे दुखतात, सपाटीला चालतात पण पायऱ्या जमत नाहीत. लेकीला सातवाहनांचं वेड लागलंय त्यामुळे लेणी हवीच. नवऱ्याची यादी एका शब्दाची, मिसळ. शुक्रवारी दुपारपर्यंत पोचू, सोमवारी सकाळी परत निघायचं. नेटवर जे प्लॅन मिळतात ते सगळे एकाच छापाचे आहेत, सकाळी त्र्यंबक, दुपारी पंचवटी, संध्याकाळी सुला वायनरी, झालं नाशिक. तिथं राहणाऱ्यांनी सांगा, काय ठेवू आणि काय सोडू? राहायला कुठला भाग बरा तेही सांगा.

पंचवटीकर:
ताई, नाशिकला स्वागत. तो दुपारी पंचवटीवाला प्लॅन आधी रद्द करा. दुपारी बारा-एकला रामकुंडावर आलात तर ऊन, गर्दी आणि पार्किंगची मारामारी एवढंच दिसेल. हे नदीवरचं गाव आहे आणि नदीवरचं गाव सकाळी बघायचं. आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो, ‘जरा गंगेवर जाऊन येतो’ असंच बोलतो, तुम्ही रिक्षावाल्याला गंगेवर सोडा म्हणालात तरी तो बरोबर रामकुंडाला आणून सोडेल. सकाळी सातच्या आत या. जानेवारीत थंडी चांगली असते, शाली स्वेटर घेऊनच या, आईबाबांना कानटोपी पण. तेव्हा घाटावर आंघोळीला आलेले लोक, पूजा सांगणारे गुरुजी, अस्थी घेऊन आलेली कुटुंबं, फुलवाल्या, सगळं एकाच वेळी चालू असतं आणि तरी धक्काबुक्की नसते. घाट सपाट आहे, बाबांना निवांत चालता येईल, बसायला जागा पण भरपूर.

घाटावरच दुतोंड्या मारुती आहे, उंच, दोन्ही बाजूंनी तोंड असलेला. आमचं पुराचं माप म्हणजे हा मारुती. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की अख्खं गाव विचारतं, पाणी मारुतीच्या कुठपर्यंत आलं? गुडघ्याला, कमरेला की छातीला? पेपरात क्युसेकचे आकडे येतात पण नाशिककराला मारुतीची कंबरच कळते. लेकीला त्याच्या पायाशी उभी करा आणि वर बघायला सांगा, पूर म्हणजे काय ते न सांगता कळेल.

त्याच्याजवळच नारोशंकराचं मंदिर आहे, म्हणजे रामेश्वराचं, १७४७ सालचं. त्याच्या पुढच्या भिंतीवर कमानीत मोठी घंटा आहे ती नक्की बघा. वसईच्या विजयानंतर आणलेली पोर्तुगीज घंटा आहे ती. तुमच्याकडे वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या घाटावर जी घंटा आहे ना, त्याच मोहिमेतली. मंदिर बाहेरून सावकाश बघा, कळसाच्या खाली कोपऱ्याकोपऱ्यावर कोरलेले प्राणी आहेत, ते बहुतेकांच्या नजरेतून सुटतात.

कपालेश्वर समोरच आहे पण पायऱ्या उंच आहेत, बाबांना खालीच बसवा. तिथं महादेवासमोर नंदी नाही, ती कथा आईला माहीतच असेल. सीतागुंफेत बाबांना अजिबात नेऊ नका, वाकून बसून जावं लागतं आणि आत कोंदट आहे. काळाराम मात्र सगळ्यांनी मिळून करा.

सातपूरकर:
मिसळीचा विषय माझ्याकडे. दाजींना सांगा, नाशकात मिसळ म्हणजे सकाळचं खाणं, फार तर दुपारचं जेवण. संध्याकाळी मिसळ शोधत फिरायचं नाही. आणि इथली मिसळ तुमच्या कोल्हापूर-कराडकडच्या मिसळीशी तोलू नका, तुम्हाला ती तिखट लागणारच नाही, तिखटासाठी खातच नाहीत ती. आमच्याकडे थाळी येते, मटकीची उसळ वर शेव, रस्सा वेगळ्या वाटीत, दही, पापड, कांदा, लिंबू आणि पाव. मिसळीबरोबर पापड बघून बाहेरचे लोक दचकतात पण तो चुरून घातला की मग कळतं कशासाठी असतो. रस्सा आधीच सगळा ओतू नका, थोडा थोडा घ्या, शेव कुरकुरीत राहिली पाहिजे.

गंगेवरून वर आलात की पंचवटी कारंज्यावर अंबिकाची मिसळ आहे, काळ्या रश्श्याची. कांदा खोबरं चांगलं काळं होईपर्यंत भाजलेला मसाला, वास आधी येतो आणि मिसळ नंतर. तुमच्या सकाळच्या फिरण्याला तीच सोयीची. गाडी काढून निवांत खायची असेल तर साधनाची चुलीवरची, बारदान फाट्याकडून पुढे, जागा मोठी आहे, पोरांना मोकळं वाटतं, पण रविवारी नंबर लावून थांबावं लागतं. आमच्या सातपूरला श्यामसुंदर आहे, तिथं कामगार, कॉलेजची पोरं, साहेब सगळे एका बाकावर असतात. मला विचाराल तर त्र्यंबकहून परत येताना सातपूर वाटेतच लागतं, तेव्हा श्यामसुंदर आणि दुसऱ्या दिवशी अंबिका.

सह्यभटक्या:
त्र्यंबकबद्दल. नाशिकहून साधारण तीस किलोमीटर आहे, रस्ता चांगला. शनिवारी पहाटे निघा, मंदिर उघडतं त्या सुमाराला पोचायचं म्हणजे साडेपाच सहा. नऊनंतर मुंबई गुजरातकडच्या गाड्या यायला लागतात आणि मग रांग काही तासांची होते, आईबाबांना एवढा वेळ उभं ठेवणं बरं नाही. सोमवारी परत निघताना त्र्यंबक करू असं मनात असेल तर ते काढून टाका, सोमवार महादेवाचा, रांग आणखी मोठी.

मंदिर काळ्या दगडाचं, नानासाहेब पेशव्यांनी १७५५ ला काम सुरू केलं आणि पुरं व्हायला १७८६ उजाडलं. एवढ्या लांबून जाऊन लोक दर्शन झालं की पळत सुटतात. बाहेरच्या अंगाला एक फेरी मारा, हिवाळ्याच्या सकाळी तिरपं ऊन पडलं की दगडातली प्रत्येक रेघ उठून दिसते. आत फोटो काढू देत नाहीत. आईंना आधीच सांगून ठेवा, पिंडीच्या जागी खळगा आहे आणि त्यात अंगठ्याएवढी तीन लिंगं आहेत, ब्रह्मा विष्णू महेश. बरेच लोक पिंड शोधत राहतात आणि तेवढ्यात पुढे ढकलले जातात.

तिथून कुशावर्त चालत पाच मिनिटांवर, सपाट. गल्लीत पुढे निवृत्तिनाथांची समाधी आहे, ज्ञानेश्वरांचे थोरले भाऊ आणि गुरू, तिथं बाबांना नक्की न्या, ज्योतिर्लिंगाला आलेले निम्मे लोक तिकडे फिरकतच नाहीत. ब्रह्मगिरी आणि गंगाद्वार या वेळी सोडा, पायऱ्या खूप आहेत. आणि स्टँडपासूनच ‘पूजा करायची का, कालसर्प, नारायण नागबली’ म्हणून लोक मागे लागतील, फक्त दर्शन आहे असं सांगून पुढे चालत राहायचं.

कोयनाकाठ:
केवढं लिहिलंत सगळ्यांनी, खूप आभार! निवृत्तिनाथांचं वाचून बाबा एकदम खूश झाले, त्यांचे आजोबा वारकरी होते. आता लेकीचं विचारते, पांडवलेणी चढायला किती अवघड? आणि आम्ही वर गेलो तर बाबांनी खाली काय करायचं?

लेणीवेडा:
मी याचीच वाट बघत होतो. पांडवलेणी म्हणतात पण पांडवांशी काही संबंध नाही, ही बौद्ध लेणी आहेत, डोंगराचं जुनं नाव त्रिरश्मी, शिलालेखातच येतं ते. मुंबई नाक्याकडून हायवेला लागलं की थोड्याच वेळात डावीकडे डोंगर दिसतो. पायऱ्या बांधलेल्या आहेत, तुम्हाला आणि लेकीला आरामात जमेल, दमायला होतं पण अवघड असं काही नाही. बाबांसाठी पायथ्याला बुद्धविहार आहे, मोठा घुमट, आत एकदम शांत, तिथं बसता येईल.

एकूण २४ लेणी आहेत, सगळी सारख्याच लक्षाने बघायला गेलात तर मुलगी कंटाळेल. तीन नीट बघा. क्रमांक ३, १० आणि १८.

दहावं आधी बघा, कारण गोष्ट तिथून सुरू होते. हा क्षत्रप नहपानाचा काळ. त्याचा जावई उषवदात याने हे लेणं खोदवलं आणि भिंतीवर आपली दानं लिहून ठेवली, किती गायी दिल्या, कुठं घाट बांधले, कुठल्या नद्यांवर फुकट नावा ठेवल्या, भिक्षूंच्या कपड्यांसाठी पैसे विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे त्यांच्या संघाकडे, व्याजाने ठेवले ते सुद्धा. हो, व्याजाचा दर पण लिहिलाय! आजच्या फिक्स डिपॉझिटसारखं, मुद्दल हलवायची नाही आणि व्याजातून दरवर्षी वस्त्रं द्यायची.

मग तिसरं बघा. नहपानाला सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने हरवलं. तिसऱ्या लेण्यात त्याच्या आईचा, गौतमी बलश्रीचा लेख आहे, मुलगा गेल्यानंतरचा, नातवाच्या, म्हणजे वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या कारकिर्दीच्या १९ व्या वर्षी कोरलेला. ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं असा तो, ज्याने क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, वंश निखंदून काढला असा तो, एकेक विशेषण लावत गेलीय ती. स्वतःला राजाची आई आणि राजाची आजी म्हणवते. पुस्तकात सातवाहनांचा धडा वाचणं वेगळं आणि त्या बाईचे शब्द ज्या दगडात कोरले त्याच्या समोर उभं राहणं वेगळं. मी कितीही वेळा गेलो तरी तिथं पाय रेंगाळतातच. ओसरीच्या खाली बघायला विसरू नका, सहा धिप्पाड यक्ष अर्धे जमिनीतून वर आलेत आणि अख्खं लेणं खांद्यावर तोलून धरलंय असं कोरलंय.

आणि एक गोष्ट मुलीला वर जातानाच सांगा. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, १३ हजारांहून जास्त नाणी. सगळी नहपानाची आणि त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राने आपला शिक्का पुन्हा मारलेला. म्हणजे शत्रूचा पैसा वितळवत बसला नाही, त्याच्याच चेहऱ्यावर आपला छाप मारून बाजारात सोडला. दहाव्या लेण्यातून तिसऱ्याकडे चालत जाताना ही गोष्ट सांगितली की दोन्ही लेणी एकमेकांना जोडली जातात.

अठरावं चैत्यगृह आहे, आत स्तूप. सकाळी किंवा चारनंतर जा, दुपारी दगड तापतो.

द्राक्षबाग_निफाड:
धागा छान चाललाय पण सुला सोडूनच द्या असा जो सूर लागतोय तो मला पटत नाही. ताई जानेवारीच्या शेवटी येतायत, म्हणजे नेमका द्राक्षाचा हंगाम. देवळं बाराही महिने आहेत, घड बाराही महिने नसतात. नाशिक जिल्ह्यातली हजारो घरं या वेलीवर चालतात आणि बाहेरून आलेल्या माणसाला ती दिसतच नाही, त्याला रस्त्याकडेला टोपलीत ठेवलेली द्राक्षं तेवढी दिसतात.

आमच्याकडे वेलीची वर्षाला दोनदा छाटणी होते. एप्रिलला खरड छाटणी, त्याने काडी तयार होते. ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी, त्यावर फळ येतं. मग चार महिने बागायतदाराच्या जिवात जीव नसतो. पाऊस आला तर डावणी, धुकं पडलं तर भुरी, हे दोन्ही बुरशीचे रोग, आणि थंडी जास्त झाली तर मणी तडकतात, म्हणून पहाटे उठून बागेत शेकोट्या करतो, ड्रिप सोडतो. निफाडचा पारा उतरला अशी बातमी तुम्ही टीव्हीवर बघता तेव्हा आम्ही बागेत असतो. हे मुलीला दाखवण्यासारखं आहे हो. पिंपळगाव निफाडच्या बाजूला आलात आणि काढणी चालू असलेली बाग दिसली तर गाडी थांबवा, विचारून आत जा, कुणी नाही म्हणणार नाही, मूठभर द्राक्षं खाऊ घातल्याशिवाय सोडणार नाही. घडाला हात लावायच्या आधी विचारा तेवढं, मण्यावरची पांढरी लव पुसली की माल उतरतो.

सुलाबद्दल, १९९९ ला सुरू झाली आणि २००० ला त्यांची पहिली वाईन आली, त्याआधी नाशिक म्हणजे मुख्यतः खायची द्राक्षं. वाईनचं द्राक्ष वेगळं, मणी लहान, साल जाड, आत बिया. टूर घेतली तर टाक्या, पिंपं सगळं दाखवून समजावून सांगतात, न पिणाऱ्याला पण त्यात बघण्यासारखं आहे. शनिवार रविवारची संध्याकाळ टाळा, शुक्रवारी पोचल्यावर चार वाजता जा. गंगापूर रोडनेच जायचं, धरण तिकडेच आहे, पाण्यावर सूर्य मावळताना बघून परत या. आईबाबांना नको असेल तर त्यांना वाटेत सोमेश्वरला सोडा, महादेवाचं देऊळ आणि झाडी आहे, नदीकाठ आहे.

पंचवटीकर:
दादा, सुला नको असं मी म्हटलं नाही, दुपारची पंचवटी नको म्हटलं. शुक्रवारी चारला सुला आणि धरण हे तुम्ही सांगितलंत ते बरोबर बसतंय.

कॉलेजरोड:
राहायला कॉलेज रोड, गंगापूर रोड किंवा मुंबई नाका बघा. नाशिकरोड स्टेशनजवळ घेऊ नका, ते गावापासून नऊ-दहा किलोमीटर आहे, रोजचं येणंजाणं होईल. आणि जुन्या गावात गाडी घालूच नका, हॉटेलवर ठेवा आणि रिक्षा करा, भाडं आधी ठरवून घ्यायचं. नाहीतर सिटीलिंकच्या बसेस आहेत, त्र्यंबकला पण जातात.

संध्याकाळच्या खाण्याचं सांगते. कॉलेज रोडला शौकीनची भेळ. उलटा वडापाव खायचाच, तो नाशिकचाच, पावात बटाट्याची भाजी भरून अख्खा पाव बेसनात बुडवून तळतात, एक खाल्ला तरी पोट भरतं त्यामुळे दोघींत एक घ्या. जुन्या गावात सायंतारा साबुदाणा वडा, बाहेरून खडखडीत आणि आतून मऊ, आईंचा उपवास असेल तर तीच जागा. बुधा हलवाईची जिलेबी सकाळी गरम असताना. परत जाताना कोंडाजीचा चिवडा घ्या, तळलेल्या कांद्याचा, पण खाताना वरून कच्चा कांदा, कोथिंबीर आणि लिंबू लागतंच, नुसता खाल्लात तर अर्धाच खाल्ला. मटण खाणारे असाल तर काळ्या मसाल्याचं मटण आणि बाजरीची भाकरी थंडीत इथं जिथं घ्याल तिथं चांगलं मिळतं.

तांबटलेन:
सगळं वाचलं, पण जुन्या गावाबद्दल कुणी मनापासून लिहिलं नाही म्हणून लिहिते. लोक गंगेच्या त्या तीरावर, पंचवटीत देवळं करतात आणि पुलावरून गाडीने निघून जातात. अलीकडच्या तीरावर आमचं गाव आहे त्यात कुणी येत नाही. रविवारी मिसळ झाली की गंगा ओलांडून या. सुंदरनारायणाचं देऊळ पुलाच्या तोंडाशीच आहे, १७५६ चं, एकवीस मार्चच्या सुमाराला उगवत्या सूर्याचे किरण थेट मूर्तीवर पडतात अशी त्याची रचना. तिथून सराफ बाजार, सरकारवाडा, भांडी बाजार, आणि मग आमची तांबटांची गल्ली. पूर्वी इथं दिवसभर ठोक्यांचा आवाज असायचा, घागरीला, बंबाला, पातेल्याला. आता ठोकणारी घरं कमी झाली पण भांडी बाजारात अजून तांब्यापितळेची दुकानं भरलेली असतात. हाताने ठोकलेलं भांडं ओळखायचं तर आतून बोट फिरवून बघायचं, ठोक्यांचे बारीक खळगे एका ओळीत लागतात, मशीनच्या भांड्याला ते नसतात किंवा अगदी सारखे असतात. ताई, तुमच्या आईंना आणा, त्यांना नक्की आवडेल, घ्यायलाच पाहिजे असं नाही.

गाव टेकड्यांवर वसलेलं आहे म्हणून गल्ल्या चढउताराच्या आहेत, बाबांना रिक्षाने फिरवा. गंगेच्या काठाला मातीची गढी दिसेल, तिथं १९५० च्या सुमाराला पुरातत्त्वज्ञ सांकलियांनी उत्खनन केलं तेव्हा सातवाहनांच्या आधीपासूनची वस्ती सापडली. म्हणजे लेणीवेडा दादांनी सांगितलेली ती दानं देणारी, विणकाम करणारी माणसं इथंच राहत होती, लेण्यात नव्हे. मुलीला हे पण दाखवा.

आणि चौकातून जाताना खाली बघा. तिवंधा चौक, शनी चौक, दिल्ली दरवाजा, इथं जमिनीखाली रहाडी आहेत, पेशवेकाळापासूनचे दगडी हौद. वर्षभर झाकलेल्या असतात, वरून गाड्या जातात, कुणाला पत्ता लागत नाही. रंगपंचमीला उघडतात, पूजा करतात, रंग उकळून ओततात आणि मग लोक वरून धपाधप उड्या मारतात, त्याला धप्पा म्हणतात. रहाडीचा रंग अंगावरून लवकर जात नाही आणि कुणाला तो घालवायची घाई पण नसते. बऱ्याच ठिकाणी धुळवडीला रंग खेळतात, आम्ही रंगपंचमीला. धुळवडीला आमच्याकडे वीर निघतात, घरोघरचे, आणि दाजीबा वीराची मिरवणूक. एकदा त्या दिवसांत या.

कोयनाकाठ:
तांबटलेन ताई, आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली भांडी बाजार यादीत सगळ्यात वर लिही. काळारामबद्दल अजून थोडं सांगाल का कुणी? सत्याग्रहाचं लेकीला माहितीये पण जागेवर काय बघायचं?

पंचवटीकर:
काळारामचं आजचं देऊळ पेशवाईतल्या सरदार ओढेकरांनी बांधलं, रामशेजच्या डोंगरातला काळा दगड वापरून. हा रामशेज म्हणजे तोच किल्ला, १६८२ पासून औरंगजेबाच्या फौजांना काही वर्षं दाद दिली नाही तो. मूर्ती पण काळी म्हणून काळाराम. आत मोठं मोकळं आवार आहे, चारी बाजूंनी ओवऱ्या, बाबांना बसायला उत्तम.

दलितांना देवळात प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली, आणि नाशिकमध्ये तो तडीस नेण्याचं काम दादासाहेब गायकवाडांनी केलं. हजारो लोक दरवाजांपुढे बसले होते, दरवाजे बंद. काही वर्षं चालला आणि तरी तेव्हा दार उघडलं नाही. म्हणून मुलीला घेऊन जाल तेव्हा आधी बाहेर थांबा, महाद्वाराच्या समोर. आज आपण चप्पल काढून सरळ आत जातो त्या उंबरठ्याबाहेर माणसांना महिनोन्महिने उन्हात बसावं लागलं हे तिथं उभं राहून सांगायचं आणि मग आत जायचं. इकडे राहणाऱ्या आम्हा सगळ्यांना वाटतं की ही गोष्ट सांगितल्याशिवाय काळाराम दाखवणं अपुरं आहे.

एक विनंती सगळ्याच वाचणाऱ्यांना, गंगेत निर्माल्य, प्लास्टिक, कपडे सोडू नका. घाटावर निर्माल्य कलश ठेवलेले असतात. संध्याकाळी गोदाआरतीला आलात तर दिवा बघा, हात जोडा, पण द्रोण पाण्यात सोडू नका. नदीचा जीव आधीच काँक्रीटने आवळलाय.

देवळालीकर:
एक सूचना. २०२७ च्या सिंहस्थाची कामं चालू आहेत त्यामुळे गंगेच्या आसपास आणि त्र्यंबक रोडला खोदकाम, वळवलेले रस्ते असं असणार. गुगलच्या वेळेवर विसंबू नका, अर्धा तास जास्तच धरा. आणि बाबांना चढावं लागत नाही असं अजून एक ठिकाण, नाशिकरोडचं मुक्तिधाम, पांढऱ्या संगमरवराचं, भिंतींवर गीतेचे अठरा अध्याय कोरलेत. सोमवारी पुणे रोडने परत निघाल तेव्हा ते थोडं वाकडी वाट करून होईल.

सह्यभटक्या:
मुक्तिधाम कराच, पण पुणे रोडनेच जाणार असाल तर सिन्नरला गोंदेश्वर चुकवू नका! नाशिकपासून तीस किलोमीटर, यादवकाळातलं देऊळ, मधे महादेव आणि चार कोपऱ्यांना चार छोटी देवळं, एकाच जोत्यावर. यादवांची राजधानी देवगिरीला जायच्या आधी याच सिन्नर भागात होती. गर्दी नसते, हिरवळ आहे, बाबा जोत्याखालून चारी बाजूंनी फिरू शकतात. नाशिक जिल्ह्यातलं सगळ्यात देखणं देऊळ कुठलं विचाराल तर मी त्र्यंबकच्या आधी हे सांगेन.

कोयनाकाठ:
मंडळी, जाऊन आलो! तुमच्या क्रमानेच केलं. सगळं लिहीत नाही, फक्त जे मनात राहिलंय ते. त्र्यंबकला सहाच्या आत पोचलो म्हणून आईला पिंडीसमोर नीट उभं राहता आलं. बाबा निवृत्तिनाथांच्या समाधीपाशी हरिपाठ म्हणत बसले, त्यांना उठवायला गेले तर म्हणाले तुम्ही चहा पिऊन या. नवऱ्याने अंबिका आणि श्यामसुंदर दोन्ही केलं, काळा रस्सा जिंकला. आईने पितळेचा डबा घेतला, आधी आतून बोट फिरवून. निफाडला नाही जमलं पण धरणाच्या वाटेवर एका बागेत थांबलो, तिथल्या आजींनी लेकीला कात्री देऊन एक घड कापायला लावला.

लेकीचं लेणीवेडा काकांना विचारायचंय, तिसऱ्या लेण्यात ती लेखासमोरून हलेचना, काही अक्षरं वहीत उतरवून आणलीत आणि आता ब्राह्मी वाचायला शिकायचं म्हणतेय. कुठून सुरू करायचं?

लेणीवेडा:
वा! तिला माझ्याकडून शाबासकी. सुरुवात सोप्या अक्षरांपासून करायची. क म्हणजे बेरजेचं चिन्ह, सातवाहनांच्या काळापर्यंत त्याचा खालचा दांडा लांब झाला. ग म्हणजे घराचं छप्पर, दोन तिरप्या रेघा वर मिळालेल्या. ठ म्हणजे गोल, थ म्हणजे गोलात टिंब. ध इंग्रजी डी सारखा दिसतो. अनुस्वाराचं टिंब आपल्यासारखंच. आता वहीत बघायला सांगा, लेखाच्या अगदी सुरुवातीचा भाग उतरवला असेल तर पहिलाच शब्द ‘सिधं’ असणार, सिद्धम्, नाशिकचे बरेच लेख तिथूनच सुरू होतात. तो एक शब्द जुळला की स, ध, इकार आणि अनुस्वार एवढं एका दमात हाताशी येतं. मग ‘रञो’ शोधायचा, म्हणजे राजाचा, आणि त्याच्या पुढे ‘वासिठिपुतस’. भाषा प्राकृत आहे, मराठी येणाऱ्याला निम्मी ओळखीची वाटते.

पुढचा लेख नाणेघाटचा, सातवाहन राणी नागनिकेचा. जुन्नरहून जवळ आहे, पुढच्या वेळी पुणे रोडने याल तेव्हा नारायणगावला वळा. तोवर तुमच्या घरापासून आगाशिवचा डोंगर हाकेवर आहे, तिथली लेणी पण जुन्या बौद्ध परंपरेतली आहेत, साधी, स्तूप असलेली. रविवारी वही घेऊन तिला तिकडे पाठवा. आणि उतरवलेल्या पानाचा फोटो इथं टाका, बाकीची अक्षरं आपण मिळून लावू.

कोयनाकाठ:
टाकते आजच रात्री. पहिला शब्द सिधंच आहे, तिने आत्ताच जुळवून दाखवला.